उलट्या क्रमाने ऐकताना

न्यूयॉर्कच्या ॲल्विन थिएटरमध्ये २८ नोव्हेंबर १९८१ रोजी ‘मेरिली वुई रोल अलाँग’ या संगीत नाटकाचा शेवटचा प्रयोग झाला. रीतसर शुभारंभ होऊन दोन आठवडेही उलटले नव्हते. जेमतेम सोळा प्रयोगांत नाटक गुंडाळावं लागलं. शुभारंभाच्या आधीच्या प्रयोगांतच प्रेक्षक मध्येच उठून जाऊ लागले होते आणि पुढे समीक्षकांनीही दयामाया दाखवली नाही. संगीत आणि गीतं स्टीफन साँडहाइम यांची, दिग्दर्शन हॅरॉल्ड प्रिन्स यांचं, संहिता जॉर्ज फर्थ यांची. साँडहाइम आणि प्रिन्स या जोडीनं आधीच्या दहा-अकरा वर्षांत ‘कंपनी’, ‘फॉलीज’, ‘अ लिटल नाइट म्युझिक’, ‘पॅसिफिक ओव्हर्चर्स’, ‘स्वीनी टॉड’ अशी एकाहून एक नाटकं दिली होती. त्यांचंच नाटक असं तोंडघशी पडेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

माझ्या मनात घर करून राहिली आहे ती त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. नाटक संपलं होतं, तरी सगळा संच दुसऱ्या दिवशी स्टुडिओत हजर झाला आणि त्यांनी गाणी ध्वनिमुद्रित केली. ब्रॉडवेवर अशी रेकॉर्ड निघते ती बहुधा चालत्या नाटकाची. लोकांनी ती ऐकावी आणि तिकिटं काढावीत, हा त्यामागचा सरळ हिशोब. इथं तिकीटविक्रीच बंद झाली होती. विशीच्या आगेमागे असलेली ती मुलं, ज्याचा उद्या प्रयोग नाही, परवा नाही, अशा नाटकाची गाणी जीव ओतून गायली.

त्या ध्वनिमुद्रणानं हे नाटक जगवलं. प्रयोग पाहिलेले प्रेक्षक मूठभर, रेकॉर्ड ऐकलेले मात्र जगभर. त्यातल्याच कुणाकुणाला वाटत राहिलं की इतकं सुंदर संगीत असलेलं नाटक असं वाया जाता कामा नये, आणि ते पुन्हा पुन्हा उभं राहत गेलं. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते मारिया फ्रीडमन यांच्या दिग्दर्शनाखाली ब्रॉडवेवरच्या हडसन थिएटरमध्ये आलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. जोनाथन ग्रॉफ, डॅनियल रॅडक्लिफ आणि लिंडसे मेंडेझ हे तिघं मुख्य भूमिकांत होते. त्याच नोव्हेंबरात या संचाची रेकॉर्ड निघाली. २०२४ साली नाटकाला चार टोनी पुरस्कार मिळाले. ते पाहायला फर्थ, प्रिन्स, साँडहाइम या तिघांपैकी कुणीच उरलं नव्हतं. साँडहाइम नोव्हेंबर २०२१ मध्येच गेले.

सध्या मी या दोन रेकॉर्डी आलटून पालटून ऐकतो आहे, आणि ऐकताना मनात जे चाललं आहे ते लिहून ठेवावंसं वाटतं.

आधी कथानक, कारण त्याशिवाय पुढचं काहीच नीट उमगणार नाही. फ्रँक संगीतकार, चार्ली गीतकार आणि नाटककार, मेरी लेखिका. तिघं जिवाभावाचे मित्र. पण नाटकाचा पडदा उघडतो तो १९७६ साली, तेव्हा मैत्रीचा पार चुराडा झालेला आहे. फ्रँक हॉलीवुडमधला श्रीमंत निर्माता झाला आहे, संगीत त्यानं सोडलं आहे, चार्लीशी त्याचं बोलणंही उरलेलं नाही, आणि मेरी दारूत बुडाली आहे. तिथून प्रत्येक प्रवेश मागे मागे सरकतो. भांडणाच्या आधीचं वर्ष, घटस्फोटाच्या आधीचं, पहिल्या यशाच्या आधीचं, असं करत नाटक १९५७ सालच्या एका गच्चीवर येऊन थांबतं. तिथं हे तिघं विशीतले आहेत, पहाटे आकाशात स्पुटनिक शोधत उभे आहेत आणि सगळं जग आपलं आहे असं त्यांना वाटतं आहे. कॉफमन आणि हार्ट यांच्या १९३४ सालच्या नाटकाचा हा उलटा सांगाडा साँडहाइम आणि फर्थ यांनी जसाच्या तसा उचलला.

या उलट्या रचनेचा संगीतावर जो परिणाम झाला आहे, त्यानं मी दर वेळी थक्क होतो. एरवी संगीत नाटकात आधी पूर्ण गाणं येतं आणि पुढे त्याची एखादी ओळ, एखादा तुकडा आठवणीसारखा परत येतो. इथं तुकडे आधी येतात. मोडलेली, कडवट झालेली चाल आपण पहिल्यांदा ऐकतो आणि तासाभरानं तीच चाल तिच्या मूळ भाबड्या रूपात समोर येते. ‘नॉट अ डे गोज बाय’ हे गाणं आपण प्रथम ऐकतो ते घटस्फोटाच्या वेळी, न्यायालयाच्या पायऱ्यांवर. पुढे, म्हणजे खरं तर मागे, लग्नाच्या प्रसंगी तेच गाणं शपथेसारखं येतं. तिथं बाजूला उभी असलेली मेरी आपलाही सूर त्यात मिसळते, कारण तिचंही फ्रँकवर प्रेम आहे आणि ते तिनं कधी बोलून दाखवलेलं नाही. पायऱ्यांवरचं गाणं कानात असताना लग्नातलं हे गाणं ऐकवत नाही, आणि ऐकल्यावाचून राहवतही नाही.

याच गाण्याच्या बाबतीत दोन ध्वनिमुद्रणांत मोठा फरक आहे. १९८१च्या रेकॉर्डमध्ये घटस्फोटाच्या वेळचं गाणं फ्रँकच्या वाट्याला आहे. जिम वॉल्टन ते सुरेल गातो, आवाजात पश्चात्ताप आहे. पुढच्या आवृत्त्यांत ते गाणं फ्रँकच्या बायकोकडे, बेथकडे गेलं, आणि २०२३च्या रेकॉर्डमध्ये ते केटी रोज क्लार्क गाते. शब्द तेच, चाल तीच. पण ज्यानं संसार मोडला त्याच्या तोंडून हे गाणं ऐकणं आणि जिचा मोडला तिच्या तोंडून ऐकणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बेथच्या तोंडी ते आलं की त्यातलं प्रेम आणि राग एकाच श्वासात बाहेर पडतात. तिला हा माणूस नकोसा झाला आहे, तरी त्याची आठवण आल्यावाचून तिचा एक दिवस जाणार नाही, आणि हे तिला त्या क्षणी कळतं आहे. वॉल्टनचं गाणं मला आवडतं. क्लार्कचं गाणं संपल्यावर मात्र मला पुढचा ट्रॅक लगेच लावता येत नाही.

आता १९८१ साली नाटक का पडलं, याविषयी थोडं. प्रिन्स यांनी मुद्दामच कोवळ्या वयाची मुलं निवडली होती. शेवटचा प्रवेश जसा तारुण्याचा, तसे नटही तरुण, आणि आधीच्या प्रवेशांत त्यांनीच चाळिशीच्या माणसांची सोंगं आणायची. कल्पना देखणी होती, पण रंगमंचावर ती पेलली नाही. कोण कोणाची बायको, कोण कोणाचा मित्र, हे प्रेक्षकांना उमजेना. आधीची वेशभूषा रद्द करून प्रत्येकाच्या शर्टावर त्या पात्राची ओळख लिहिण्याची पाळी आली. मुख्य भूमिकेतला नट बदलला, नृत्यदिग्दर्शक बदलला. आधीच सगळं उलटं चाललेलं, त्यात वीस वर्षांचा पोरगा चाळिशीच्या निर्मात्याचा आव आणतो आहे. लोक गोंधळले यात नवल नाही.

रेकॉर्डवर मात्र ते शर्ट दिसत नाहीत. उरतात फक्त आवाज. आणि ऐकता ऐकता लक्षात येतं की प्रिन्स यांचं साफ चुकलं होतं असंही म्हणता येत नाही. त्यांची कल्पना डोळ्यांना पटली नाही, पण कानाला ती अर्धी तरी पटते. नाटकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे तरुणपणची गाणी या मुलांच्या तोंडी अशी काही बसली आहेत की तिथं अभिनय कुठे संपतो ते सांगता येत नाही.

पूर्वार्धात मात्र ती कमी पडतात, हे मान्यच करायला हवं. ‘फ्रँकलिन शेपर्ड, इन्क.’ हे गाणं घ्या. १९७३ साल. टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू आहे, फ्रँक आणि चार्लीची मुलाखत. कार्यक्रम सुरू होण्याच्या जरा आधी चार्लीला कळलं आहे की फ्रँकनं तीन सिनेमांचा करार केला आहे, म्हणजे दोघांचं नाटक पुन्हा बासनात. मुलाखतकार विचारतो, तुम्ही एकत्र काम कसं करता? आणि चार्लीचा तोल सुटतो. फोनची घंटा, सेक्रेटरीचा बझर, तिचे निरोप, सगळ्यांचे आवाज तो स्वतःच्या तोंडानं काढत सुटतो. आधी गंमत वाटते, मग आपण सावरून बसतो.

लॉनी प्राइस १९८१ साली हे गाणं गायला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याची चपळाई विलक्षण आहे, शब्द न् शब्द सुटा ऐकू येतो. पण राग आहे तो आज सकाळी झालेल्या भांडणाचा. संध्याकाळी हे दोघं पुन्हा चहाला भेटतील असं वाटत राहतं. रॅडक्लिफ हा काही मोठा गायक नाही. आपल्याकडे तो अजूनही हॅरी पॉटर म्हणूनच ओळखला जातो. तरी या गाण्यात तो जे करतो त्याला तोड नाही. सुरुवातीला तो मुद्दाम हसऱ्या, सभ्य आवाजात बोलतो. प्रत्येक बझरबरोबर आवाजातली ती सभ्यता थोडी थोडी सोलली जाते. मग मध्येच तो थांबतो, आवाज एकदम खाली येतो, आणि आपल्याला आपला मित्र परत हवा आहे हे तो सगळ्या देशासमोर सांगून बसतो. त्या दोन-चार ओळींत रॅडक्लिफच्या आवाजात पंधरा वर्षांचा शीण आहे. दर वेळी फोन करायचा, दर वेळी वाट पाहायची, दर वेळी समजून घ्यायचं, याचा शीण. बाविसाव्या वर्षी हा शीण कुठून आणणार? तो वयानंच येतो. ज्यांचा एखादा जुना मित्र असाच हळूहळू दूर गेला आहे, त्यांना ही जागा ओळखीची वाटेल.

फ्रँकचं पात्रही या मधल्या वर्षांत बदललं. १९८१च्या रेकॉर्डवर फ्रँक हा ज्याच्याविषयी सगळे बोलतात असा माणूस आहे, तो स्वतः मात्र फारसा हाती लागत नाही. १९८५ साली कॅलिफोर्नियात ला होया इथं जेम्स लॅपाइन यांनी नाटक बसवलं, तेव्हा साँडहाइम यांनी त्यात ‘ग्रोइंग अप’ हे नवं गाणं घातलं. पियानोशी एकटा बसलेला फ्रँक आपलं चुकतंय का, हे चाचपून पाहतो. ग्रॉफ हे गाणं इतक्या मवाळपणे गातो की या माणसाचा राग करणं अवघड होऊन बसतं. फ्रीडमन यांनी सगळं नाटकच फ्रँकची आठवण म्हणून मांडलं आहे. मागे वळून पाहणारा तोच आहे. त्या स्वतः १९९२ साली लेस्टरच्या हेमार्केट थिएटरमध्ये मेरीची भूमिका करत होत्या, म्हणजे हे नाटक त्यांनी तीस वर्षं आतून ओळखलेलं आहे, आणि ते कळतं.

या फेरबदलांत सगळाच फायदा झाला, असं मात्र मला वाटत नाही. मूळ नाटक शाळेच्या पदवीदान समारंभापासून सुरू व्हायचं. तो प्रवेश गेला, त्याबरोबर शाळकरी मुलांचं ते साधं समूहगीतही गेलं. पहिल्या पार्टीतलं ‘रिच अँड हॅपी’ जाऊन त्या जागी ‘दॅट फ्रँक’ आलं. नवं गाणं कथानक जास्त नीट सांगतं, पण जुन्यातला तो उसना, चकाकता उत्साह अंगावर यायचा, तो यात नाही. जोनाथन टुनिक यांनी १९८१ साली केलेलं वाद्यरचनेचं काम तर मी कधीही ऐकायला तयार असतो. सुरुवातीच्या संगीतातले ते ट्रम्पेट असे उसळतात की हे नाटक दोन आठवड्यांत बंद पडलं यावर विश्वास बसू नये. २०२३चा वाद्यवृंद आकारानं लहान आहे. वाद्यरचना टुनिक यांचीच, आणि चारांतला एक टोनी त्यांना तिच्यासाठीच मिळाला. गाणाऱ्यांचे शब्द आता जास्त जवळून ऐकू येतात, हे खरंच. पण ती उसळी मला हवी असते, आणि तेवढ्यासाठी मी जुनी रेकॉर्ड लावतो.

मराठी कानाला अशी तुलना नवी नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आलं, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब लोकांनी काळजात जपले, आणि २०१० साली त्यांचे नातू राहुल देशपांडे त्याच भूमिकेत उभे राहिले तेव्हा प्रेक्षागृहातले कितीतरी लोक एका कानानं आजोबांना ऐकत होते. आपण अशा वेळी गायकी पाहतो. तान कशी घेतली, जागा कशी भरली, जुन्याची आठवण ठेवून नवं काय दिलं. आपल्याकडे नाटकाच्या पदांची रेकॉर्ड निघाली ती मुख्यतः गायकाची. प्रवेश, संवाद, समोरचा नट, हे सगळं तिच्यातून गळून पडायचं. ब्रॉडवेच्या रेकॉर्डवर प्रवेशाचा बराचसा भाग गाण्याबरोबर येतो. गाण्याआधीचं बोलणं, मध्येच दार उघडून आत आलेलं कुणीतरी. तिथं गळ्याच्या तयारीइतकंच, त्या गळ्यामागचा माणूस किती जगला आहे, हे ऐकू येतं. म्हणून तिथं वयाला एवढं महत्त्व.

आणि इथंच मला या नाटकाचं एक निराळं सुख सापडलं. आज ज्याला हे नाटक नव्यानं भेटतं, तो बहुधा २०२३च्या रेकॉर्डपासून सुरुवात करतो. ती आवडली की शोध घेत मागे जातो. २०१२ची न्यूयॉर्कची रेकॉर्ड, तिच्यात ‘हॅमिल्टन’च्या आधीचा लिन-मॅन्युएल मिरँडा चार्ली आहे. मग १९९४ची छोट्या संचाची. आणि शेवटी १९८१ची. म्हणजे ऐकणाराही नाटकासारखाच मागे मागे जातो. आवाज तरुण होत जातात. जाणती माणसं मागे राहतात आणि ज्यांना अजून काहीच कळलेलं नाही अशी मुलं समोर येतात.

या वाटेनं १९८१च्या शेवटाकडच्या गाण्यापाशी, गच्चीवरच्या ‘अवर टाइम’पाशी पोचलं, की ते वेगळंच ऐकू येतं. २०२३ साली हे गाणं गाताना ग्रॉफ अडतीस वर्षांचा, रॅडक्लिफ चौतीसचा आणि मेंडेझ चाळिशीची आहे. ते सुंदर गातात. या मुलांचं पुढे काय होणार आहे ते ठाऊक असलेल्या माणसांनी गावं, तसं गातात. त्या जाणतेपणामुळे गाण्याला दुखरी किनार येते, आणि थिएटरात बसलेल्याला तीच भिडत असणार. वॉल्टन, प्राइस आणि ॲन मॉरिसन यांच्या आवाजात ती किनार नाही. आमची वेळ आली आहे असं ही मुलं गातात, ती खरोखरच तसं मानून. त्यांच्या स्वरांत एक किंचित थरथर आहे, तयारी थोडी कच्ची आहे, आणि पुढे समूहाचा आवाज चढतो तेव्हा तो सरळ चढतो, कुठं काही राखून न ठेवता. त्यांचं नाटक आदल्या दिवशी बंद पडलं आहे हे आपल्याला माहीत असतं. त्यांनाही माहीत होतं. तरी ती अशी गातात. हे गाणं याहून चांगलं कुणी गाईल असं मला वाटत नाही. याहून शुद्ध गाणारे पुष्कळ मिळतील.

म्हणून कुठली रेकॉर्ड सरस, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. सुरुवातीचे प्रवेश नव्या संचाचे ऐकावेत आणि शेवटचे जुन्या संचाचे. हे नाटक कुणाही एका वयाच्या नटांना पुरतं पेलणारं नाही. त्याला दोन संच लागतात, आणि मधे चाळीस वर्षं जावी लागतात. चालत्या नाटकाला हे कुठून परवडणार? रेकॉर्डींमुळे ते आपल्याला मिळालं.

त्या मुलांपैकी काहींचं पुढे चांगलं झालं. निर्माता जो याची भूमिका करणारा जेसन अलेक्झांडर ‘साइनफेल्ड’ मालिकेमुळे घराघरांत पोचला. ‘ओपनिंग डोअर्स’ या गाण्यात हाच जो फ्रँकच्या चाली ऐकून तक्रार करतो की यात गुणगुणता येईल असं काही नाही. ही तक्रार साँडहाइम यांनी स्वतः आयुष्यभर ऐकली, आणि हे गाणं आपल्या आयुष्याच्या सर्वांत जवळचं आहे असं ते सांगत. साँडहाइम आणि प्रिन्स यांची जोडी या अपयशानंतर फुटली. मैत्री राहिली, पण दोघांचं पुढचं एकत्र नाटक यायला २००३ साल उजाडलं. दोन मित्रांचं एकत्र काम कसं थांबतं याचं नाटक करता करता त्यांचंच काम थांबलं, हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. लॉनी प्राइस पुढे दिग्दर्शक झाला आणि २०१६ साली त्यानं या सगळ्या मुलांवर एक माहितीपट केला.

२००२ साली न्यूयॉर्कमध्ये तो १९८१चा संच एका संध्याकाळपुरता पुन्हा जमला आणि त्यांनी हे नाटक मैफलीच्या स्वरूपात सादर केलं. तोवर सगळे चाळिशीच्या आसपास पोचले होते, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीला फ्रँक, चार्ली आणि मेरी ज्या वयाचे असतात, त्या वयाचे. त्या संध्याकाळचं गाणं मला अजून ऐकायला मिळालेलं नाही. ते कधी हाती आलं, तर सगळ्यांत आधी मी लॉनी प्राइसचं ‘फ्रँकलिन शेपर्ड, इन्क.’ लावीन. चार्ली मध्येच थांबतो आणि आवाज खाली येतो, त्या दोन-चार ओळी तो या वेळी कशा गायला, ते मला ऐकायचं आहे.